मध्यरात्रीचे नागपूर : विमान, टपाल आणि वाटेवरचे जेवण

१/ विमान काढायचे, जवळच्या एखाद्या विमानतळावर उतरायचे, जेवायचे आणि घरी परतायचे. आपल्याला कल्पित वाटावी अशी ही चैन जगाच्या एका भागात रविवारची साधी करमणूक आहे. आपल्याकडे ती रुजली नाही. मात्र महाराष्ट्रातील एका विमानतळावर जवळजवळ पाव शतक रोज मध्यरात्री चार दिशांनी विमाने उतरत, प्रवासी खाली येऊन खात-पीत आणि पहाटेपूर्वी सारे पांगत. त्या भोजनाचे खरे यजमान होते टपालखाते. हा धागा त्याविषयी.

२/ आधी ती परदेशी चैन समजून घेऊ. अमेरिकेतील हौशी वैमानिकांत ‘शंभर डॉलरचा हॅम्बर्गर’ असा एक शब्दप्रयोग रूढ आहे. दोन किंवा चार आसनांचे, एका इंजिनाचे विमान घेऊन शेजारच्या गावच्या धावपट्टीवर जायचे आणि तेथील उपाहारगृहात बसून खायचे. पदार्थाची किंमत चार-दोन डॉलर. पण इंधन आणि विमानाचे भाडे धरले की तो घास शंभर डॉलरला पडतो. आज खर्च त्याच्याही पुढे गेला आहे. नाव तेवढे टिकून आहे.

३/ या थट्टेमागे एक व्यवस्था आहे. वैमानिकाचा हात चालता राहावा म्हणून त्याला उड्डाणाचे निमित्त हवे असते आणि छोट्या धावपट्टीला गिऱ्हाईक हवे असते. जेवण या दोन्ही गरजा भागवते. अमेरिकेत सर्वांना खुले असलेले विमानतळच सुमारे ५,००० आहेत. त्यांतील अनेकांवर दिवसाकाठी एकही मोठे प्रवासी विमान येत नाही. ते तळ जगतात ते अशा लहानसहान निमित्तांवर.

४/ भारतातही आरंभ आशादायक होता. १९२० च्या दशकाच्या अखेरीस सरकारी साहाय्याने दिल्ली, कराची, कलकत्ता आणि मुंबई येथे फ्लाइंग क्लब निघाले. मुंबईचा क्लब १९२८ चा; त्याचे मैदान जुहूला. डी हॅविलँड कंपनीची ‘मॉथ’ जातीची हलकी विमाने तेथे शिकवण्यासाठी होती. १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना जे. आर. डी. टाटांना मिळाला. तेव्हा ते २४ वर्षांचे होते.

५/ मग ती रविवारची हौस येथे का फोफावली नाही? विमान आयात केलेले, सुटे भाग आयात केलेले, उतरण्याजोगी मैदाने मोजकी. क्लबाचे सदस्यत्व परवडे ते अधिकाऱ्यांना, संस्थानिकांना आणि धनिक व्यापाऱ्यांना. कोणतीही हौस समाजात झिरपायची तर मध्यमवर्गाच्या खिशाला ती कधी तरी पेलावी लागते. लहान विमानाच्या बाबतीत तो दिवस उजाडलाच नाही. भारतात विमान स्थिरावले ते टपालाच्या पिशवीच्या आधाराने.

६/ १५ ऑक्टोबर १९३२. टाटा एका इंजिनाच्या ‘पस मॉथ’ विमानातून कराचीहून निघाले. सोबत सुमारे २५ किलो टपाल. वाटेत अहमदाबादला इंधन घेण्यासाठी ते उतरले. ते इंधन डब्यांत भरून बैलगाडीतून मैदानावर आणलेले होते. तेथून जुहू. भारतीय हवाई वाहतुकीच्या इतिहासातील ही पहिली पाने बैलगाडीच्या चाकोरीला लागून आहेत, हे विसरता कामा नये.

७/ जुहूचे मैदान समुद्राच्या इतके लगत आणि सखल होते की पावसाळ्यात ते पाण्याखाली जाई. मग चार महिने साऱ्या संसाराचा मुक्काम पुण्याला हाले. तेथे विमाने उतरत ती येरवडा तुरुंगाच्या सावलीतील एका मैदानावर. ‘विमानतळ’ या शब्दाने आज डोळ्यांपुढे जे चित्र येते, त्यातील एकही वस्तू तेव्हा तेथे नव्हती. होते ते फक्त मोकळे मैदान आणि आभाळ.

८/ त्या पहिल्या टपालाचा पुढचा टप्पा लक्षात ठेवण्याजोगा आहे. मुंबईहून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते मद्रासकडे नेले. पण रात्र पडल्यामुळे बळ्ळारीला मुक्काम करावा लागला. अंधारात उडण्याची सोय नव्हती. म्हणजे १९३२ मध्ये रात्र ही टपालाची शत्रू होती. पुढे सतरा वर्षांनी याच रात्रीला टपालाने कामाला लावले. आपल्या कथेचा गाभा तेथे आहे.

९/ त्याच १९३२ साली आमच्या तलवाड्याचे काय चालले होते? तलवाडा हे बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील, त्वरिता देवीचे गाव. तालुक्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते आणि याच तालुक्यातील राक्षसभुवनाला १७६३ ची प्रसिद्ध लढाई झाली. १९३२ मध्ये हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाचे टपालखाते स्वतंत्र, तिकिटेही स्वतंत्र. जून १९३२ मध्ये निजाम स्टेट रेल्वेने २७ बसगाड्यांनिशी आपली मोटारसेवा काढली. मुंबई विमान जोखत होती, तेव्हा हैदराबाद संस्थान बस जोखत होते.

१०/ आता जेवणाकडे वळू. टपाल आणि जेवण यांचे नाते विमानापेक्षा फार जुने आहे. मराठेशाहीत जासूद आणि काशीद पत्रे घेऊन धावत; महत्त्वाच्या मार्गांवर टप्प्याटप्प्याने डाक बसवली जाई. एकाने धावत यायचे, ठरल्या ठिकाणी थैली दुसऱ्याच्या हाती द्यायची आणि विसावायचे. जेथे थैली हात बदलते, तेथे माणूस थांबतो. जेथे माणूस थांबतो, तेथे चूल पेटते.

११/ इंग्रजी अमदानीत या चुलीवर छप्पर आले. त्याचे नाव डाकबंगला. नावातच टपाल आहे. तेथे प्रवाशाला खोली मिळे आणि खानसामा जेवण रांधून देई. पाहुणा दिसला की अंगणातली कोंबडी पकडली जाई; त्यामुळे इंग्रजांच्या बोलीत या कोंबडीच्या पदार्थाला ‘आकस्मिक मरण’ असे विनोदी नाव पडले होते. पुढे रेल्वेने हीच परंपरा स्थानकांवरील उपाहारकक्षांत चालवली.

१२/ विमानानेही आरंभी तीच गिरवली. १९२९ मध्ये इंपीरियल एअरवेजची लंडन–कराची सेवा सुरू झाली, तेव्हा प्रवासी टप्प्याटप्प्यावर उतरून जेवत आणि रात्री जमिनीवर झोपत. इराकच्या वाळवंटातील रुतबा येथील गढी हा असाच एक थांबा. १९३२ मध्ये शारजा येथेही प्रवाशांसाठी गढीवजा विश्रामगृह उभे राहिले. आकाशातील डाकबंगलेच म्हणायचे ते.

१३/ कारण व्यावहारिक होते. त्या काळची विमाने लहान. काही तास उडाली की इंधन संपत येई. आत अन्न शिजवायला जागा नाही, गरम ठेवायला साधन नाही. तेव्हा इंधन आणि अन्न दोन्ही एकाच थांब्यावर घेणे सोयीचे. वाटेवरच्या विमानतळावरचे जेवण हे विमानाच्या दुबळेपणातून जन्मले. विमान सबळ होत गेले, तसतसे ते जेवण संपत गेले. हे सूत्र पुढेही उपयोगी पडेल.

१४/ दुसरे महायुद्ध संपले आणि अमेरिकी सैन्याने मागे ठेवलेली ‘डकोटा’ विमाने भारतात स्वस्तात मिळू लागली. दोन इंजिने, वीस-पंचवीस प्रवासी. आजच्या मानाने हे लहानच विमान. त्यांच्या बळावर कितीतरी कंपन्या निघाल्या. हैदराबाद संस्थान आणि टाटा यांच्या भागीदारीतील डेक्कन एअरवेज ही त्यांपैकीच एक. विमाने भरपूर आणि प्रवासी थोडे, अशी विचित्र स्थिती होती.

१५/ स्वतंत्र भारताचे दळणवळणमंत्री होते रफी अहमद किडवई. त्यांच्या कारकिर्दीत एक साधे निरीक्षण धोरणाचा पाया झाले. माणूस पत्र दिवसा लिहितो, संध्याकाळी पेटीत टाकतो. रात्रभर ते पत्र फलाटावर किंवा डब्यात पडून राहते. प्रवासी विमाने दिवसा उडतात. म्हणजे पत्र जागे असते तेव्हा विमान झोपलेले असते. मग टपालासाठी विमान रात्रीच का उडवू नये?

१६/ यासाठी मध्यबिंदू हवा होता. नकाशा नागपूरकडे बोट दाखवतो. सरळ रेषेत मुंबई सुमारे ६८० किलोमीटर, दिल्ली ८५०, मद्रास ९००, कलकत्ता ९८०. डकोटाला हे अंतर अडीच ते साडेतीन तासांचे. शिवाय नागपूरच्या सोनेगावला पहिल्या महायुद्धाच्या काळापासूनचे विमानतळ होते आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाने त्याचा थांबा म्हणून वापर केला होता. नागपूर तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी होते.

१७/ या योजनेचे गणित देखणे आहे. चार महानगरे एकमेकांशी थेट जोडायची तर सहा मार्ग लागतात. सर्वांनी मध्यावर एकत्र यायचे ठरवले की चार पुरतात. चार शहरांतून रात्री चार विमाने निघत, नागपूरला भेटत, टपालाच्या पिशव्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल होई आणि प्रत्येक विमान आल्या वाटेने परते. संध्याकाळी मुंबईत टाकलेले पत्र सकाळी कलकत्त्यात. वैमानिकही पहाटे आपल्याच घरी.

१८/ ही रात्रटपाल सेवा ३० जानेवारी १९४९ रोजी सुरू झाली. गांधीहत्येला त्या दिवशी एक वर्ष होत होते. आरंभीची कंपनी फार काळ तगली नाही आणि काही महिन्यांत सेवेत खंड पडला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात हिमालयन एव्हिएशनने ती पुन्हा उभी केली. १ ऑगस्ट १९५३ रोजी राष्ट्रीयीकरण होऊन आठ कंपन्या इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाल्या, तेव्हा हे कामही त्या महामंडळाकडे आले.

१९/ दुसरा निर्णय तितकाच मोलाचा होता. १ एप्रिल १९४९ पासून देशांतर्गत पत्रे जेथे विमानाने लवकर पोचतील तेथे विमानानेच पाठवावीत आणि त्यासाठी जादा आकार घेऊ नये, असे ठरले. तोवर ‘हवाई टपाल’ म्हणजे जादा पैशाची सेवा. आता साध्या तिकिटाच्या पत्रालाही विमानात जागा मिळाली. एका गरीब, नुकत्याच फाळणीतून निघालेल्या देशाने घेतलेला हा निर्णय आहे, हे ध्यानी घ्या.

२०/ आणि आता ते मध्यरात्रीचे जेवण. टपालाच्या विमानात थोडे प्रवासीही असत. त्यांना नागपूरला उतरून दुसरे विमान धरायचे असे. चारही विमाने आल्याशिवाय अदलाबदल पुरी होत नसे. कोणाला उशीर झाला की बाकीचे थांबत. अशा वेळी अपरात्री माणूस काय करणार? विमानतळाच्या उपाहारगृहात शिरणार. चार टोकांकडून आलेली, एरवी कधीच भेटली नसती अशी माणसे एका छताखाली आणून बसवण्याचे काम टपालाने केले.

२१/ ही सोय किती गांभीर्याने घेतली गेली हे १९५३ च्या बांधकामावरून कळते. त्या वर्षी सोनेगावला नव्या इमारती झाल्या. त्यांत उपाहारकक्ष होते, विश्रांतीच्या खोल्या होत्या, पुस्तकांची दुकाने होती आणि बघ्यांसाठी सज्जेही होते. शेवटची गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. ज्यांना कोठेही जायचे नाही अशा लोकांसाठी विमानतळावर मुद्दाम जागा ठेवणे, यात त्या काळाचा सार्वजनिक स्वभाव दिसतो.

२२/ या सेवेची किंमतही मोजली गेली. डकोटाच्या आत हवेचा दाब राखण्याची सोय नसे. त्यामुळे ढगांच्या वर जाऊन वादळ टाळणे शक्य नव्हते. पावसाळी रात्री ते विमान ढगांतूनच वाट काढी. १२ डिसेंबर १९५३ रोजी एक डकोटा नागपूरहून उड्डाण करताच कोसळले आणि १३ जण मृत्यू पावले. सकाळी दारात पडणाऱ्या पत्रामागे कोणाची तरी रात्र असे. कधी कधी ती अखेरची ठरे.

२३/ तरीही सेवा चालत राहिली. राज्ये बदलली, नागपूरची राजधानी गेली, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. मध्यरात्रीची भेट कायम होती. ती थांबली ऑक्टोबर १९७३ मध्ये. तोवर जेट विमाने स्थिरावली होती. एका झेपेत दिल्लीहून मद्रास गाठणाऱ्या विमानाला नागपूरला उतरण्याचे कारण उरले नाही. तेराव्या टिपणीतील सूत्र आठवा. विमान सबळ झाले आणि वाटेवरचे ताट उचलले गेले.

२४/ येथे इतिहासाने एक गंमत केली आहे. त्याच १९७३ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत मेम्फिस येथे फेडरल एक्स्प्रेस या कंपनीने १४ लहान विमाने घेऊन काम सुरू केले. पद्धत कोणती? सर्व शहरांतून रात्री विमाने एका मध्यवर्ती तळावर आणायची, पार्सलांची अदलाबदल करायची, पहाटेपूर्वी परत पाठवायची. या कल्पनेवर पुढे एक जागतिक उद्योग उभा राहिला. मेम्फिसने तिचा आरंभ केला त्याच वर्षी, तिचा २४ वर्षांचा अनुभव गाठीशी असलेल्या नागपूरने दिवे मालवले.

२५/ या सगळ्यात तलवाडा कोठे आहे? मुंबई–नागपूर सरळ रेघ ओढली तर ती औरंगाबादजवळून, आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळून जाते. तलवाडा तिच्या दक्षिणेस राहतो. ३० जानेवारी १९४९ ला मराठवाडा मुक्त होऊन साडेचार महिनेही झाले नव्हते. बीड शहरात रेल्वे पोचायला २०२५ उजाडावे लागले. आमच्या भागातला कष्टकरी माणूस नागपूरच्या त्या उपाहारगृहात बसला असण्याची शक्यता नाहीच म्हणा ना.

२६/ पण त्याचे पत्र बसू शकत होते. संस्थानी टपाल भारतीय टपालात विलीन झाल्यावर गेवराईकडच्या पेटीत पडलेल्या साध्या पाकिटालाही, कलकत्त्याला जायचे असेल तर, तोच हवाई मार्ग खुला होता. जादा दिडकी नाही. शंभर डॉलरच्या हॅम्बर्गरच्या गोष्टीत विमान ज्याचे, जेवण त्याचे. नागपूरच्या गोष्टीत विमानात कधी पाऊल न ठेवलेल्या माणसाचाही वाटा आहे. माझ्या मते आपल्या हवाई इतिहासाचे मोठेपण येथे आहे.

२७/ आज महाराष्ट्रात लहान विमाने दिसतात ती धुळे, बारामती, गोंदिया अशा ठिकाणी, मुख्यतः प्रशिक्षणासाठी. व्यावसायिक परवान्यासाठी शिकाऊ वैमानिकाला एक ३०० सागरी मैलांचा प्रवास वाटेत दोन निरनिराळ्या तळांवर उतरून पुरा करावा लागतो. पण उड्डाणाची आगाऊ योजना, हवाई संरक्षणाची अनुमती, महाग इंधन या साऱ्यांतून ‘चला, जेवून येऊ’ एवढ्यासाठी कोण निघणार? अनेक धावपट्ट्या त्यामुळे एखाद्या बड्या पाहुण्याची वाट पाहत पडून असतात. धावपट्टी बांधणे पैशाने होते. तेथे माणसांनी रोज थांबावे असे कारण निर्माण करणे अधिक कठीण. नागपूरला ते कारण पत्राने दिले होते.

२८/ जाता जाता एक काम. घरातल्या जुन्या पेटाऱ्यात १९४० ते १९७० च्या दरम्यानची पाकिटे असतील तर ती फेकू नका. पुढच्या बाजूचा शिक्का पत्र टाकल्याचा. मागच्या बाजूस बहुधा पोचल्याचा शिक्का सापडेल. दोहोंतील दिवस मोजा. १९४९ च्या आधीचे आणि नंतरचे पाकीट शेजारी ठेवा. मराठवाड्यातील जुन्या पाकिटांवर निजामाचे तिकीटही मिळू शकेल. कमी झालेले ते दिवस म्हणजे नागपूरची मध्यरात्र. सापडले तर खाली अवश्य कळवा. पत्त्याचा भाग झाकून छायाचित्र टाका. धागा समाप्त.